टेलिफोनने घेतलेले चाळीचे सोंग

(नभोवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचा संपादित भाग)



आज ज्या तंत्राबद्दल बोलणार आहे, ते कचेऱ्यांमधून आता जवळजवळ नाहीसे झाले आहे. एटीएम म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे पैसे काढण्याचे यंत्र येते. त्या यंत्राशी आपल्या विषयाचा काही संबंध नाही. आपले एटीएम म्हणजे ‘असिंक्रोनस ट्रान्सफर मोड’. १९९० नंतरच्या दशकात जगभरच्या दूरध्वनी कंपन्यांनी ज्या जाळ्यावर मोठा भरवसा टाकला होता, ते हे. आवाज, चित्र, संगणकाची माहिती, सारे काही एकाच जाळ्यातून जाईल, असे तेव्हा सांगितले जाई. पुण्यात अशा जाळ्यांची देखभाल करण्यात माझी नोकरीची काही वर्षे गेली. त्या काळात एक गोष्ट जवळून पाहायला मिळाली. एक जाळे दुसऱ्या जाळ्याचे सोंग कसे घेते, आणि त्या सोंगाचा खर्च कोण भरतो.

आधी मूळचे जाळे समजून घेऊ. कचेरीतले संगणक जोडण्याची रूढ पद्धत म्हणजे इथरनेट. १९७३ साली अमेरिकेत झेरॉक्स कंपनीच्या संशोधन केंद्रात रॉबर्ट मेटकाफ यांनी तिची कल्पना मांडली. हिचा स्वभाव थेट आपल्या चाळीसारखा. पूर्वी चाळीत एखाद्याच घरी फोन असे. कुणाचा फोन आला की त्या घरातले माणूस गॅलरीत येऊन ओरडे, ‘अहो सोळा नंबर, तुमचा फोन!’ हाक सगळ्यांच्या कानी पडे, पण चपला पायांत सरकवून निघत ते फक्त सोळा नंबरवाले. इथरनेटही तसेच. एका केबलवर सगळे संगणक. एकाने काही पाठवले की ते सगळ्यांना ऐकू जाते आणि ज्याचा पत्ता असेल तो ते उचलतो. पुढे स्विच आले, ज्याचे त्याला पोहोचवू लागले, पण हाक मारायची सोय कुणी काढून घेतली नाही.

आणि ही सोय फार मोलाची होती. छपाईचे यंत्र कुठे आहे, फाइलींचा सर्व्हर कोणता, अमुक क्रमांकाचा संगणक कोण, हे विचारायला संगणकाने एकदा ओरडायचे, ज्याला ठाऊक असेल तो उत्तर देतो. कचेरीत वापरली जाणारी बहुतेक सॉफ्टवेअरे ही सोय गृहीत धरूनच लिहिलेली होती. हवा जशी आपण गृहीत धरतो, तशी.

एटीएमचा स्वभाव मात्र टेलिफोनचा. आधी नंबर फिरवायचा, मधल्या स्विचनी एकमेकांशी बोलून वाट बांधायची, पलीकडच्याने होकार द्यायचा, मगच बोलणे सुरू. नंबरही साधा नाही, २० बाइटांचा. एकदा वाट बांधली की माहितीचे ५३ बाइटांचे सारखे तुकडे करून ते त्या वाटेने सोडायचे. या तुकड्याला सेल म्हणतात. त्यातले ५ बाइट वाट दाखवण्यासाठी, ४८ बाइट माल.

४८ हा आकडा कुठून आला, त्याची हकीकत मजेदार आहे. युरोपला ३२ हवे होते, अमेरिकेला ६४. टेलिफोनचा आवाज सेकंदाला ८,००० बाइट या वेगाने येतो, म्हणजे ३२ बाइटांचा सेल भरायला ४ हजारांश सेकंद लागतात आणि ६४ चा भरायला ८. हा उशीर वाढला की बोलणाऱ्याला स्वतःचाच प्रतिध्वनी ऐकू येतो आणि तो मारण्यासाठी वेगळी यंत्रे बसवावी लागतात. फ्रान्ससारख्या मध्यम आकाराच्या देशाला ३२ मध्ये त्या यंत्रांचा खर्च टाळता येत होता. अमेरिकेत अंतरेच इतकी मोठी की ती यंत्रे बसवलेली होतीच. शेवटी दोन्ही आकड्यांची बेरीज करून निम्मे केले. संगणकवाल्यांच्या गरजेचा त्या आकड्याशी काही संबंध नव्हता, हे मला आजही खटकते.

तर टेलिफोनमध्ये ओरडण्याची सोयच नाही. तुम्ही रिसीव्हर उचलून ‘अरे, कुणी आहे का?’ म्हणालात तर कुणालाच ऐकू जात नाही. मग चाळीची सवय असलेल्या संगणकाने एटीएमच्या जाळ्यात जगायचे कसे?

मार्ग दोन होते. एक, जगातली सारी सॉफ्टवेअरे नव्याने लिहायची. ते शक्य नव्हते. दुसरा, एटीएमनेच बहुरूप्यासारखे इथरनेटचे सोंग घ्यायचे. १९९१ मध्ये स्थापन झालेल्या एटीएम फोरम या कंपन्यांच्या मंडळाने दुसरा मार्ग धरला आणि जानेवारी १९९५ मध्ये ‘लॅन एम्युलेशन’चे पहिले नियम मंजूर केले. एम्युलेशन म्हणजे हुबेहूब बतावणी. वरच्या सॉफ्टवेअरला कळताही कामा नये की खाली इथरनेट नाही.

हे सोंग उभे करायला तीन सर्व्हर लागत. त्यांची इंग्रजी नावे लांबलचक आहेत. आम्ही आद्याक्षरांवरून त्यांना लेक्स, लेस आणि बस म्हणत असू.

समजा, सकाळी दहा वाजता हिशेब विभागातल्या बाईंनी आपला संगणक चालू केला. त्यात एटीएमचे कार्ड आहे. कार्ड प्रथम जवळच्या स्विचला विचारते, ‘मी कुठल्या गावात आहे?’ स्विच त्याला पत्त्याचे पहिले १३ बाइट देतो. त्यापुढे कार्ड स्वतःचा ६ बाइटांचा पत्ता आणि एक शेवटचा बाइट जोडते. २० बाइटांचा टेलिफोन नंबर तयार झाला.

मग ते लेक्सला फोन लावते. हा म्हणजे वाड्याच्या देवडीवर बसलेला कारकून. त्याचा नंबर स्विचकडून मिळतो, नाहीतर सगळ्या जगाने ठरवून ठेवलेला एक कायमचा नंबर आहे, तो फिरवायचा. कारकून वहीत पाहून सांगतो, ‘तुम्ही हिशेब विभागाच्या जाळ्यात. तुमच्या लेसचा नंबर हा. जाळे इथरनेट पद्धतीचे. फ्रेम जास्तीत जास्त एवढी मोठी.’ फ्रेम म्हणजे इथरनेटचे एक पाकीट. यात एक मोठी सोय दडलेली होती. हिशेबवाले तीन इमारतींत विखुरलेले असले तरी वहीतल्या एका नोंदीने ते सारे एका चाळीत आणून बसवता येत होते. टेबल हलवायचे नाही, केबल हलवायची नाही. त्या दिवसांत आम्हाला या गोष्टीचे फार अप्रूप होते.

आता लेस. हे चौकशीचे कार्यालय. आपल्याकडे १९७ फिरवून नंबर विचारता येत असे, त्यातला प्रकार. कार्ड लेसला सांगते, ‘माझा इथरनेटचा पत्ता हा, एटीएमचा नंबर हा, मला सभासद करून घ्या.’ लेस त्याला एक लहानसा सभासद क्रमांक देतो आणि नोंद करतो. पुढे कुणी विचारले, ‘अमुक इथरनेट पत्त्याचा टेलिफोन नंबर काय?’ की तो सांगतो. त्याला ठाऊक नसेल तर दुसऱ्यांच्या वतीने बोलणाऱ्या सभासदांना विचारतो. असे सभासद बरेच असत, कारण एकेका मजल्यावरचा इथरनेट स्विच आपल्यामागच्या पंचवीस-तीस संगणकांच्या वतीने एटीएमशी बोलत असे.

राहिला बस. दवंडी पिटणारा. ज्याला ओरडायचे असेल त्याने याला फोन करायचा, आणि याने प्रत्येक सभासदाला जोडलेल्या सामाईक वाहिनीवर ती हाक सोडायची. बसचा नंबर कसा मिळतो, ते मला फार आवडते. इथरनेटमध्ये ‘सर्वांसाठी’ असा एक खास पत्ता आहे. कार्ड लेसला विचारते, ‘या सर्वांचा टेलिफोन नंबर काय?’ आणि लेस बसचा नंबर देतो.

बसकडून येणारी हाक सगळ्यांना जाते, म्हणजे ज्याने हाक मारली त्यालाही परत ऐकू येते. खऱ्या इथरनेटमध्ये कार्ड आपलीच हाक बाहेरून आली म्हणून उचलत नाही. म्हणून प्रत्येक फ्रेमच्या डोक्यावर सभासद क्रमांक लावलेला असे. स्वतःचा क्रमांक दिसला की फ्रेम टाकून द्यायची. सोंग हुबेहूब वठवायचे तर इतका बारीक विचार करावा लागतो.

आणखी एक अडचण सेलमुळे आली. कुठला सेल कुठल्या फ्रेमचा, हे या पद्धतीत सेलवर लिहिलेले नसते. एकामागून एक आलेले सेल जोडायचे, शेवटची खूण दिसली की फ्रेम पुरी झाली, एवढाच नियम. दोघे एकाच वेळी ओरडले आणि त्यांचे सेल सामाईक वाहिनीवर मिसळले, तर निव्वळ काला. म्हणून बसला प्रत्येकाची फ्रेम संपूर्ण जुळवून, ओळीने एकेक सोडावी लागे. चाळीतला सगळा आरडाओरडा एका माणसाने कागदावर उतरवून घ्यायचा आणि पुन्हा वाचून दाखवायचा, असे हे काम.

आता बाईंना पगारपत्रकाची फाइल हवी आहे. त्यांच्या संगणकाला ती ज्या सर्व्हरवर आहे त्याचा इंटरनेट पद्धतीचा क्रमांक माहीत आहे, इथरनेटचा पत्ता नाही. तो सवयीने ओरडतो. हाक बसकडे, बसकडून सर्वांकडे. सर्व्हर उत्तर देतो आणि इथरनेटचा पत्ता कळतो. खऱ्या इथरनेटमध्ये काम इथे संपले असते. इथे अर्धेच झाले. आता त्या पत्त्याचा टेलिफोन नंबर लेसला विचारायचा, तो मिळाला की फोन लावायचा, स्विचनी वाट बांधायची. एवढा वेळ वरचे सॉफ्टवेअर थोडेच थांबणार? त्याला वाटते आहे की खाली इथरनेट आहे. म्हणून वाट तयार होईपर्यंत मोजक्या फ्रेम बसमार्फतच पाठवायची परवानगी होती.

मग नवी वाट तयार होते, आणि नवाच पेच उभा राहतो. आधीच्या फ्रेम बसच्या रेंगाळत्या रस्त्याने गेलेल्या, पुढच्या थेट वाटेने सुसाट. मागून निघालेली फ्रेम आधी पोहोचायची. इथरनेटमध्ये असे उलटसुलट कधी होत नाही आणि काही जुनी सॉफ्टवेअरे त्याने कोलमडत. यावर उपाय असा : जुन्या रस्त्याने एक निरोप पाठवायचा, ‘माझ्या शेवटच्या फ्रेमच्या मागे मी आहे, मी पोहोचलो की कळवा.’ पोच आली की मगच थेट वाट वापरायची. वीस मिनिटे त्या वाटेवरून काही गेले नाही की साधारणपणे फोन आपोआप बंद होई.

हे सगळे झाले एका फाइलसाठी. बाईंना पडद्यावर दिसले ते एवढेच, की फाइल उघडली. या कारागिरीला मी मनापासून दाद देतो. पण खर्चही सांगितला पाहिजे.

मोठ्यात मोठ्या, १,५१८ बाइटांच्या इथरनेट फ्रेमला ३२ सेल लागत, म्हणजे १,६९६ बाइट. ६४ बाइटांच्या लहानशा फ्रेमला दोन सेल, म्हणजे १०६ बाइट. कागदावर १५५ मेगाबिटचा धागा असे, त्यातून कामाची माहिती जास्तीत जास्त १३५ मेगाबिटच्या आसपास जाई. शिवाय ३२ पैकी एखादा सेल गर्दीत हरवला की उरलेले ३१ फुकट वाहून नेले, कारण फ्रेम पुन्हा पाठवावीच लागे.

हा खर्च परवडला असता. न परवडणारा खर्च वेगळाच होता. प्रत्येक सभासदाला तोंड उघडण्याआधी तीन फोन करावे लागत आणि लेस व बस यांच्या सामाईक वाहिन्यांवर त्याला जोडून घ्यावे लागे. म्हणजे पाच कामे. शंभर सभासद असले तर पाचशे. त्यानंतर प्रत्येकाला प्रत्येकाशी बोलायचे झाले तर ४,९५० थेट वाटा. माहिती वाहून नेण्यात एटीएमचे स्विच वाघ होते, पण फोन जोडण्याचे काम त्यातला एक साधा प्रोसेसर करी आणि त्याची दमछाक होई.

पुण्यातल्याच एका संस्थेत हे मी पाहिले आहे. भारनियमनाचे दिवस. मधल्या खोलीला बॅटरीचा आधार होता, मजल्यांवरच्या स्विचना नव्हता. वीज परत आली की सगळे मजले एकाच क्षणी जागे होत आणि सगळे सभासद एकदम देवडीवर धडकत. काहींचे फोन लागत, काहींचे वाट पाहून तुटत, तुटले की ते पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करत, आणि गर्दी आणखी वाढे. महिनाअखेरीस एकदा पगाराचे काम अर्ध्यावर असताना असेच झाले. हिशेबाच्या बाई म्हणाल्या, ‘अहो, हिरवा दिवा तर लागलाय, मग चालत का नाही?’ त्यांचे बरोबर होते. केबल ठीक, कार्ड ठीक, स्विच ठीक. बिघडलेले असे काहीच नव्हते. बँकेत यादी पोहोचवायची वेळ टळत होती आणि बोट दाखवायला जागा नव्हती. शेवटी आम्ही प्रत्येक मजल्याची वीज बंद करून एकेक मजला अंतराने चालू केला. एक मजला रुळला की पुढचा. पुढे तो रिवाजच पडला.

त्याहून वाईट वेळ लेस बसला की येई. एटीएमचे जाळे मूळचे चिवट. एक धागा तुटला तर दुसऱ्या वाटेने फोन फिरवून जोडता येतो. पण १९९५ च्या नियमांनुसार एका जाळ्याला लेस एकच आणि बस एकच. त्याच्याशी संबंध तुटला की सभासदाने सदस्यत्व संपले असे समजून सारे पुन्हा सुरू करायचे. म्हणजे सगळे धागे शाबूत, सगळे स्विच शाबूत, आणि एका खोलीतला एक प्रोग्राम बंद पडला म्हणून तीन इमारती मुक्या. काही कंपन्यांनी राखीव सर्व्हरची आपापली व्यवस्था केली, पण एकाची दुसऱ्याशी जुळेलच असे नसे. अनेक सर्व्हर मिळून काम करतील असे सर्वमान्य नियम फेब्रुवारी १९९९ मध्ये आले.

तोवर उशीर झाला होता. १९९५ मध्ये १०० मेगाबिटचे फास्ट इथरनेट आले, १९९८ मध्ये एक गिगाबिटचे, आणि १९९९ मध्ये ते तांब्याच्या साध्या तारेवरूनही चालू लागले. खरे इथरनेट स्वस्तात आणि वेगात मिळत असताना त्याचे सोंग घेणारे महागडे जाळे कोण घेणार?

एटीएमची खरी बढाई होती ती दर्जाच्या हमीची. या फोनला इतका वेग, त्याला इतकाच उशीर, हे आधी ठरवून घेता येई. पण इथरनेटवर वाढलेल्या सॉफ्टवेअरला अशी हमी मागायची असते हेच ठाऊक नव्हते. त्यामुळे पहिल्या नियमांत सगळ्या वाटा ‘जमेल तसे नेऊ’ याच बोलीवर बांधल्या जात. दुसऱ्या आवृत्तीत, १९९७ मध्ये, हमीची सोय घातली गेली, पण मागणारे कोण? सोंग इतके हुबेहूब वठले की आतल्या नटाचे खरे गुण कुणाला दिसलेच नाहीत. पैशाचे सोंग आणता येत नाही म्हणतात. ओरडण्याचे आणता येते, पण ते फार महाग पडते. तरीही सोंग घेणारे मूर्ख होते, असे मला वाटत नाही. ते घेतले नसते तर एटीएमला कचेरीच्या दारात कुणी उभेही केले नसते.

कचेरीतून हद्दपार झालेले एटीएम नंतर बऱ्याच घरांत शिरले. जानेवारी २००५ मध्ये बीएसएनएलने टेलिफोनच्या तारेवरून ब्रॉडबँड सुरू केले, तेव्हा मोडेम जुळवताना ०/३५ असा आकडा भरावा लागे. तो एटीएमच्या वाटेचा क्रमांक. तुमच्या संगणकाच्या इथरनेट फ्रेम त्याच ५३ बाइटांच्या सेलमध्ये बसून एक्स्चेंजपर्यंत जात. तिथे लेक्स, लेस, बस कुणाचीच गरज पडली नाही, कारण तारेच्या पलीकडे बोलायला एकच जण होता. ओरडायचा प्रश्नच नव्हता.

प्रश्न पुन्हा आला तो मोठमोठ्या डेटा सेंटरमध्ये. तिथे हजारो आभासी संगणक या यंत्रावरून त्या यंत्रावर हलवले जातात आणि त्यांना वाटत राहावे लागते की आपण जुन्याच इथरनेटवर आहोत. २०१४ मध्ये त्यासाठी ‘व्हीएक्सलॅन’ या पद्धतीचे नियम प्रसिद्ध झाले. इथरनेटची फ्रेम इंटरनेटच्या पाकिटात घालून पाठवायची. मी ते वाचायला घेतले आणि ओळखीची माणसे भेटली. कोण कुठे आहे हे कोणाला विचारायचे? पत्ता ठाऊक नसेल तर फ्रेम कुठे द्यायची? हाक सगळ्यांपर्यंत न्यायची कशी? अशा वाहतुकीला तिथले अभियंते आद्याक्षरांवरून ‘बम’ म्हणतात. आमच्या ‘बस’चाच हा धाकटा भाऊ. एक फरक मात्र मोठा आहे. पुढे या पद्धतीला ईव्हीपीएन नावाच्या व्यवस्थेची जोड मिळाली, तिच्यात पत्त्यांची वही एकाच चौकशी कार्यालयात ठेवत नाहीत. प्रत्येक स्विच आपल्याकडचे पत्ते शेजाऱ्यांना कळवतो आणि प्रत्येकाजवळ स्वतःची प्रत असते. एक बंद पडला तर बाकीच्यांच्या वह्या उघड्याच राहतात.